इस्पितळाचं दार

आमच्या बांदा-सावंतवाडीकडे माणूस किती आजारी आहे हे एका वाक्यात कळतं. 'तेका बांबोळीक नेलो.' एवढं ऐकलं की समोरचा पुढचं काही विचारत नाही. पायात चप्पल सरकवतो आणि त्या घरी जाऊन बसतो. बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, पणजीच्या बाहेर हायवेला लागून असलेलं मोठं सरकारी हॉस्पिटल. राज्य दुसरं, पण आमच्यासाठी शेवटचं दार तेच. बाबांच्या पिढीत हेच वाक्य जरा वेगळं होतं. ते म्हणत, 'पणजीक नेलो.'

या फरकाचा मी कधी विचार केला नव्हता. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात चार दिवस रजा टाकून इफ्फीला, म्हणजे पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला गेलो होतो. गळ्यात अडकवायच्या कार्डासाठी रांगेत उभा असताना बाबांचा फोन आला.

"खंय असस?"

"पणजीत. जुन्या जीएमसीत."

पलीकडे क्षणभर शांतता. मग एकदम, "कोण ॲडमिट आसा?"

मी हसलो. कोणी नाही, सिनेमा बघायला आलोय, म्हणालो. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "नदीच्या बाजूक व्हरांडो होतो, तो आसा काय?"

मग त्या व्हरांड्याची गोष्ट मला पहिल्यांदा समजली. १९८६ सालच्या पावसाळ्यात आजोबांच्या पोटातला अल्सर फुटला. बाबा तेव्हा २२ वर्षांचे. बांद्याहून जीप केली, पण मांडवीवरचा नेहरू पूल त्याच वर्षी ५ जुलैला कोसळला होता. त्यामुळे बेतीपर्यंत जीप आणि तिथून फेरीबोट. भर पावसात, बोटीच्या लोखंडी फळीवर, दोन्ही बाजूंना स्कूटर आणि मासळीच्या टोपल्या, मध्ये आजोबा. रात्रीच ऑपरेशन झालं, ते वाचले. बाबा त्यानंतर ११ रात्री त्या व्हरांड्यात झोपले. पुढे आजोबा आणखी १९ वर्षं जगले. मला त्यांनी सायकल शिकवली, म्हणून हा हिशेब माझ्याही कामाचा.

रांग लांब होती. मी फोनवर त्या इमारतीबद्दल शोधायला लागलो आणि खरं सांगायचं तर अजून थांबलेलो नाही.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की इस्पितळ इमारतीहून पुष्कळ जुनं आहे. आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतात, त्याला मायग्रेशन म्हणतात. हे इस्पितळ असं तीन वेळा हललं आहे: जुन्या गोव्यातून पणेलीला, पणेलीहून पणजीला, पणजीहून बांबोळीला. हलवाहलवीत काय काय गळतं आणि काय चिकटून राहतं, हे ज्याने एकदा तरी मायग्रेशन केलं आहे त्याला सांगायला नको. माझ्यापुरता प्रश्न एकच होता. हे दार प्रत्येक वेळी कोणासाठी उघडं होतं?

अफोन्सो द अल्बुकेर्कने १५१० साली आदिलशहाकडून गोवा घेतला आणि त्यानंतर लगेचच तिथे इस्पितळ उभं केलं. हेतू अगदी व्यवहारी होता. लिस्बनहून निघालेलं जहाज गोव्याला पोहोचायला सहा महिने लागत. ताजं अन्न नाही, पाणी कुजलेलं, हिरड्या सुजून दात हलायला लागलेले. साधारण सप्टेंबरात जहाजं लागली की शेकडो माणसं धक्क्यावरून सरळ खाटेवर. राजाला सैनिक हवे होते, सैनिक जगायला हवे होते, म्हणून 'ओस्पिताल रेआल', राजाचं इस्पितळ. आपण मराठीत इस्पितळ म्हणतो ते मला तरी या 'ह' नसलेल्या ओस्पितालच्या जवळचं वाटतं.

या इस्पितळाचं सर्वांत चांगलं वर्णन एका फ्रेंच रुग्णाने केलं आहे. फ्रांस्वा पिरार हा खलाशी १६०२ साली मालदीवजवळ जहाज फुटून तिथे अडकला, काही वर्षं तिथेच काढली, मग फिरत फिरत १६०८ साली आजारी अवस्थेत गोव्याला आला. दाराशी आणलं तेव्हा त्याला हे इस्पितळ वाटेचना. राजवाडाच वाटला, फक्त वर राजाचं नाव आणि इस्पितळ असं कोरलेलं होतं. आत लाल रोगण दिलेल्या, काही तर सोनेरी नक्षीच्या खाटा. पांढऱ्या सुती चादरी. जेवण चिनी मातीच्या ताटल्यांतून, आणि जेवणात कोंबडी. वैद्य, शल्यवैद्य, रक्त काढणारे न्हावी असा ताफा दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, खाटांवरून फिरे. आपल्याकडच्या 'राउंड'सारखंच. व्यवस्था जेझुइट पाद्र्यांच्या हातात. जगात याहून चांगलं इस्पितळ नसेल, अशा अर्थाचं तो लिहितो. बरा झाल्यावर मात्र पोर्तुगीजांनी त्याला परका म्हणून तुरुंगात टाकलं. त्याच्या सुटकेसाठी ज्या जेझुइटांनी खटपट केली त्यांत तो एका इंग्रज पाद्र्याचं नाव सांगतो: टॉमस स्टीफन्स. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे आपले फादर स्टीफन्स ते हेच. शाळेत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दोन मार्कांना भेटलेला माणूस असा अचानक तुरुंगाबाहेर उभा दिसला तेव्हा मला फार बरं वाटलं.

तर अशा त्या राजवाड्यात जागा कोणाला? पिरार तेही सांगतो. पोर्तुगीज आणि युरोपीय सैनिक-खलाशांना. बायका नाहीत. इथल्या लोकांसाठी वेगळी सोय, तीही धर्म बदललेल्या गोरगरिबांसाठी. जेझुइटांनी सोळाव्या शतकातच सेंट पॉल कॉलेजच्या आश्रयाने त्यांच्यासाठी एक लहान इस्पितळ चालवलं होतं. चिनी ताटल्या तिथे असतील असं वाटत नाही.

पण जरा थांबा. त्या राजवाड्यात माणसं मरत किती होती? सतराव्या शतकाच्या पहिल्या ३० वर्षांत गोव्याच्या या राजइस्पितळात सुमारे २५,००० सैनिक मेले, असा आकडा इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांनी दिला आहे. वर्षाला आठशेच्या वर. खाटेची नक्षी आणि वाचण्याची शक्यता यांचा संबंध नव्हता. मलेरिया, हगवण, पटकी, उपदंश आणि सहा महिन्यांच्या प्रवासाने आधीच पोखरलेलं शरीर. त्यावर उपाय काय, तर शीर कापून रक्त काढणं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

पिरारनंतर तीस-चाळीस वर्षांनी जवाहिऱ्या ताव्हेर्निए गोव्यात आला, तेव्हा इस्पितळाची रया गेलेली होती. एकेकाळी भारतभर नावाजलेल्या इस्पितळात आता शिरणारा युरोपीय बहुधा कबरस्तानातच जातो, असं तो लिहितो. तापलेला रोगी पाणी पाणी करतो, पण हातावर पैसे ठेवल्याशिवाय सेवक पाणी देत नाहीत, आणि देतात तेही चोरून. हे वाचताना मी दचकलो. वॉर्डबॉयच्या हातावर नोट ठेवण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणावर आलेला नाही? ताव्हेर्निए आणखी एक गमतीची गोष्ट नोंदवतो. वारंवार रक्त काढून पांढऱ्याफटक पडलेल्या रुग्णाला पुन्हा रंग यावा म्हणून बारा दिवस गोमूत्र पाजत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकेक पेला. हा उपाय इथल्या लोकांकडून शिकल्याचंही तो सांगतो. ज्यांना आत प्रवेश नव्हता त्यांचं औषध मात्र आत पोहोचलं होतं.

हा धागा ओढत गेलं की वेगळंच गोवा दिसू लागतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली इथे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचं जाणंयेणं होतं. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो पटकीसारख्या रोगाचं वर्णन करतो आणि त्याचं स्थानिक नाव देतो, ते आपलं 'मोडशी'. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशी' झालं आणि फ्रेंचांनी त्याचं ऐकीव रूप करून टाकलं 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण. आजी अजून 'मोडशी झाली' म्हणते तेव्हा तिला फक्त अपचन म्हणायचं असतं. ओर्ता १५६८ साली वारला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली.

स्थानिक वैद्यांचं काय? १५६७ साली गोव्याच्या धर्मपरिषदेने ख्रिश्चनांनी बिगरख्रिश्चन वैद्यांकडे जाऊ नये असं ठरवलं. त्यानंतर वीस वर्षांच्या आत आर्चबिशपचा कारकून म्हणून गोव्यात राहिलेला डच लिन्सखोटेन काय लिहितो? की इथले हिंदू वैद्य ऊन लागू नये म्हणून डोक्यावर छत्र धरवून ऐटीत फिरतात, जो मान एरवी वकील नाहीतर बड्या व्यापाऱ्यांनाच. आणि खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि सगळे पाद्री यांचा आपल्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवरच जास्त भरवसा आहे. कायदा करणारेच त्यांचे रुग्ण. पुढे १६१८ साली नगरपालिकेने परीक्षा आणि परवाना सुरू केला आणि परवानाधारक स्थानिक वैद्यांची संख्या ३०वर बांधून टाकली. बंदी घालून झालं नाही म्हणून मग कोटा! या भागाचं मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. रुग्ण म्हणून दार बंद, पण दुखणं आलं की त्याच माणसाला मागच्या दाराने बोलावणं.

पुढचं थोडक्यात. साथींनी जुनं गोवा ओस पडलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉयनेच शहर सोडलं आणि तो पणेलीच्या वाड्यात राहायला गेला. १७५९ साली तिथूनही उठून पणजीला. त्याच साली जेझुइटांची पोर्तुगीज मुलखातून हकालपट्टी झाली. इस्पितळही जुन्या जागेवरून उठून पणेलीला, जुनं गोवा आणि रायबंदर यांच्या मधल्या नदीकाठी आलं. राजवाड्यासारखी ती मूळ इमारत आता उभी नाही. चर्चेस पाहायला येणारे पर्यटक त्या परिसरातून रोज फिरतात.

पणेलीच्या मुक्कामातली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८०१ साली मुख्य वैद्य अंतोनिओ जोझे द मिरांद ई आल्मैद यांनी तिथे वैद्यकाचे वर्ग सुरू केले. ते फार टिकले नाहीत, १८१५पर्यंत चालले. कारण तेच जुनं. लिस्बनहून डॉक्टर येईनात, आले तर टिकेनात. दारातून आत घ्यायचं नाही म्हटलेल्या लोकांनाच आता शिकवून डॉक्टर केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मग १८४२. इस्पितळ पणजीला हललं, नदीकाठच्या माकिनेश वाड्यात. हा वाडा १७०२च्या सुमाराचा, माकिनेश काउंटांचा. ५ नोव्हेंबर १८४२ला गव्हर्नर कोंद दश आंतश यांनी हुकूम काढून तिथे वैद्यकीय शाळा सुरू केली: 'एस्कोला मेदिको-सिरूर्जिका द गोवा'. पहिले संचालक मातेउश सेझारिओ रोद्रीगिश मोआशो. पणजी अधिकृतपणे राजधानी झाली ती त्याच्या पुढल्या वर्षी. म्हणजे राजधानीच्या आधी दवाखाना आला, असं म्हणायला हरकत नाही.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं, म्हणजे पणजीहून तीन वर्षांनी धाकटं. पहिल्या तुकडीत तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडलेले भाऊ दाजी लाड मूळचे मांद्र्याचे, पेडणे महालातले. पेडणं आधी आमच्या सावंतवाडीकरांकडे होतं, ते १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेलं. तर गोव्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मुंबईला गेला आणि तिथल्या जीएमसीतून डॉक्टर झाला. पणजीच्या जीएमसीची पूर्वज असलेली शाळा त्याच्या जन्मगावापासून मांडवीच्या पलीकडे होती. पण ती शाळा प्रामुख्याने जुन्या काबिजादीतल्या, पोर्तुगीज शिकलेल्या ख्रिश्चन घरांतल्या मुलांची होती. कायद्याने हिंदूंना नोकरी-शिक्षणात बरोबरीचं स्थान मिळालं ते १९१०ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर.

इथल्या पदवीची किंमत काय होती, हा भाग मला इंजिनिअर म्हणून फार जवळचा वाटला. पणजीत शिकलेल्या डॉक्टराला पोर्तुगालमध्ये डॉक्टर मानत नसत. तिथे जाऊन पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या. पण मोझांबिक, अंगोला, गिनी या आफ्रिकेतल्या वसाहतींत मात्र हेच डॉक्टर हवे होते, कारण तिथे जायला गोरा डॉक्टर तयार नसे. मग गोव्याचे पदवीधर तिकडे गेले, हाताखालच्या हुद्द्यावर, कमी मानात. पोर्तुगीज मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तियाना बास्तोस यांनी या डॉक्टरांवर बरंच संशोधन केलं आहे. साम्राज्याचे हे डॉक्टर एकाच वेळी राज्यकर्त्यांचे प्रतिनिधी होते आणि प्रजाही होते, असं त्यांच्या लेखनातून दिसतं. ऑनसाइटला गेलेल्या माझ्या पिढीला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. अर्थात आमच्या हातात गुलामीच्या सावलीतली वसाहत नव्हती. तुलना तेवढ्यापुरतीच.

आणि याच शाळेत अल्बेर्तो कार्लोश जेर्मानो द सिल्व्ह कोर्रैय नावाचे प्राध्यापक होते. ते लुसो-देसेन्देन्त, म्हणजे पोर्तुगीज वंशजांच्या जमातीतले. आपल्या जमातीचं रक्त इथल्या लोकांत मिसळलेलं नाही हे सिद्ध करण्यासाठी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांची शारीरिक मापं घेत, डोक्याची, नाकाची, उंचीची, आणि त्यावर जाडजूड ग्रंथ लिहीत. पिरारच्या काळात दारावरच निवड व्हायची. तीनशे वर्षांनी ती फूटपट्टी घेऊन वर्गात आली.

त्याच पिढीतले, त्याच शाळेचे संचालक झालेले फ्रोइलानो द मेलो मात्र निराळे. बाणावलीचे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. परजीवींवरचं त्यांचं संशोधन युरोपात नावाजलं गेलं. पण मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो सूक्ष्मदर्शकाबाहेरच्या कामामुळे. जुन्या गोव्यातला मलेरिया, म्हणजे ज्या मलेरियाने मूळ इस्पितळ आणि मूळ शहर दोन्ही गिळलं होतं तोच, आटोक्यात आणायला त्यांनी जुन्या विहिरी आणि साचलेलं पाणी यांच्या मागे लागून काम केलं. माकाझान येथे कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. क्षयरोग्यांसाठी मडगावात काम केलं. लिस्बनच्या संसदेत भारतीय वसाहतीचे प्रतिनिधी म्हणूनही ते बसले. शेवटी ब्राझीलला गेले आणि १९५५ साली तिथेच वारले. चिनी ताटल्यांनी जे साडेतीनशे वर्षांत साधलं नव्हतं, ते डबकी बुजवून आणि विहिरी झाकून पुष्कळसं साधलं.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. १९६३ साली एस्कोला मेदिकाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. दाराची गोष्ट इथे एकदम बदलते. आतापर्यंत सरहद्द होती. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला पोर्तुगीज चौकी. सत्याग्रहींवर तिथे गोळ्या झाडल्या गेल्या त्या १९५५ साली. चौकी उठली आणि आमच्यासाठी पणजी अचानक जवळचं शहर झालं. रत्नागिरी दूर, कोल्हापूरला जायचं तर घाट, मुंबई तर एका रात्रीची. पणजी दोन तासांत. आमच्या भागातली माणसं पणजीच्या इस्पितळात जायला लागली ती कोणाच्या योजनेमुळे नाही. रस्ता तसा होता म्हणून.

१९८६ला बाबा आजोबांना घेऊन गेले तेव्हा नाव, गाव, वय एवढंच विचारलं, असं ते सांगतात. गाव बांदा म्हटल्यावर लिहिणाऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही. रात्री व्हरांड्यात वेंगुर्ल्याचा एक, पेडण्याचे दोघं, कारवारचं एक कुटुंब. सगळे एकाच नळावर तोंड धुवायचे. बाबा सकाळी बाहेरून पाव आणि भाजी आणायचे आणि नदीकडे तोंड करून खायचे. समोर पडलेल्या पुलाचे खांब लांबवर दिसायचे का, मी विचारलं. 'ता कोण बघता?' म्हणाले.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉस्पिटल बांबोळीच्या पठारावर हललं. गरज होतीच. जुन्या पणजीत गाडी वळवायला जागा नव्हती. पण रिकाम्या झालेल्या इमारतीचं काय करायचं? गोव्यात या प्रश्नाची उत्तरं मजेशीर निघतात. रायबंदरला मिझेरिकॉर्दियच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत १९९३ साली मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट सुरू झाली. खाटांच्या जागी एमबीएचे बाक. पणजीत २००४ साली मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना इफ्फी गोव्यात आला, आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं, माकिनेश वाड्यात महोत्सवाचं कार्यालय आलं आणि जुन्या जीएमसीच्या दालनांची डागडुजी झाली. पुढे सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनंही तिथे भरू लागली. मला याचा राग नाही. पाडून मॉल बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि मी स्वतः तिथे सिनेमा पाहायलाच गेलो होतो. इतकंच वाटतं की चार-पाच भाषांत महोत्सवाचे फलक लावणाऱ्या त्या आवारात, इथे दीडशे वर्षं माणसं जन्मली, वाचली आणि मेली, हे येणाऱ्याच्या सहज नजरेत पडेल असं काही मला तरी दिसलं नाही.

बांबोळीला मात्र दाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १ जानेवारी २०१८पासून गोवा सरकारने जीएमसीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. आमच्याकडे खळबळ उडाली. दोडामार्गात आंदोलन झालं, पुढारी इकडून तिकडे गेले, महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना तिथे लागू करण्याच्या वाटाघाटी झाल्या. व्हॉट्सॲपवर गोव्याला शिव्या देणारे मेसेज मीही वाचले, आणि एक-दोन पुढे पाठवले, हे कबूल करतो.

आता एवढं वाचून झाल्यावर माझं मत बदललं आहे. १६०८चं दार आणि २०१८चं दार एका मापाने मोजता येत नाही. तिथे रक्त पाहत होते, इथे रेशनकार्ड. गोव्याचा करदाता म्हणतो की खाटा आमच्या पैशाच्या, आणि जमिनीवर गादी घालून झोपावं लागतं ते आमच्याच माणसाला. त्याचं काय चुकलं? खरा प्रश्न आमच्या बाजूचा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू व्हायला २०२१ उजाडलं. मधली ४० वर्षं आमच्या प्रत्येक आमदार-खासदाराला ठाऊक होतं की आपले लोक फुटलेला अल्सर, फणा काढून चावलेला साप, अडलेली बाळंतीण घेऊन दुसऱ्या राज्यात जातात. शेजाऱ्याचं दार उघडं होतं म्हणून आपलं घर बांधायची कोणाला घाई नव्हती. आणि नवीन कॉलेज झालं तरी रात्री अडीचला आमच्या वाडीतली ॲम्ब्युलन्स अजून दक्षिणेलाच वळते.

गेल्या मे महिन्यात बाबांना घेऊन पणजीला गेलो. काम वेगळंच होतं, पण येताना ते म्हणाले, "गाडी जरा नदीच्या रस्त्यान घे." महोत्सव नव्हता, आवार रिकामं होतं. गेटवर सिक्युरिटीवाला, पंचविशीचा. त्याने अदबीनेच विचारलं, काय काम?

मी हेरिटेज इमारत वगैरे काहीतरी बोलायला लागलो. बाबांनी मला थांबवलं.

"हंय माझो बापूस ॲडमिट होतो," ते म्हणाले. "श्याऐंशी साली."

मुलाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बाजूला झाला. "वचात भितर."

व्हरांडा होता. फरशी बदललेली, खांबांना नवा रंग, भिंतीवर दिव्यांची सोय. बाबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, मग परत आले आणि एका खांबाजवळ थांबले. तिथे खाली वाकून त्यांनी भिंतीच्या कडेला हाताने चाचपून पाहिलं.

"नळ हंयच होतो," म्हणाले. "वायच फोटो काढ."